नॉरफोकला पाठवायचा दात

४ मार्च २००७

आमच्या इमारतीच्या लिफ्टची तक्रार एकदा रीतसर नोंदवून ठेवतो. ही लिफ्ट पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावर थांबते. आम्ही सातव्यावर राहतो. म्हणजे तांदळाची पिशवी तिने आणून सोडायची ती दुसऱ्यांच्या दारात, आणि पुढचा जिना आमच्या गुडघ्यांनी बघून घ्यायचा. प्रत्येक मजल्यावर थांबा द्यावा म्हणून मतदान घ्यायचं घाटतंय. सहाव्यावरची मंडळी विरोधात आहेत. चालणं प्रकृतीला चांगलं, असं त्यांचं म्हणणं. मी या लिफ्टवर एक अनुष्टुभ रचला आहे. शाप द्यायचा तर अनुष्टुभातच द्यावा, असं वाईला आमचे शास्त्रीबुवा सांगत. पुण्याच्या मासिकाला मी दर महिन्याला सिंगापूरची खबर लिहून पाठवतो, तीत तो घालणार होतो.

घालणार होतो. दुपारी ऋताची ईमेल आली, तेव्हापासून लिफ्ट कुठल्याही मजल्यावर थांबली तरी मला चालणार आहे.

ऋता आमची एकुलती एक. गेल्या सप्टेंबरात इंग्लंडला पुरातत्त्व शिकायला गेली. तिथे नॉरफोक नावाच्या परगण्यात एक जुनं दफनस्थान उकरलं आहे, चौदाशे वर्षांपूर्वीचं. त्यातली माणसं मूळची कुठली, हा तिचा विषय. पुस्तकं म्हणतात, समुद्रापलीकडून होड्यांत बसून आली. ऋताच्या सरांना शंका आहे की त्यातली बरीचशी तिथल्याच मातीतली असावीत. इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा 'आपण मूळचे कुठले' हे विचारायचं आपल्या लोकांकडून राहून गेलं. ते काम आता आमची मुलगी करते आहे, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवून झालं आहे.

हे ओळखायचं दातांवरून. लहानपणी ज्या गावचं पाणी प्यावं त्या गावच्या खडकाची खूण दाताच्या वरच्या थरात बसते आणि मेल्यावरही जात नाही. गेल्या महिन्यात हे तिने फोनवर समजावलं तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे मी एवढी वर्षं सिंगापुरात राहून दात वाईचेच. ती खूप हसली होती.

आजची ईमेल इंग्रजीत होती. अर्थ असा: पद्धत ताडून बघायला असे दात हवेत, ज्यांचा इतिहास पक्का ठाऊक आहे. आईच्या चांदीच्या करंड्यात माझे दुधाचे दात आहेत ना? पुढचा एक पाठवा. पुढच्या दुधाच्या दाताचा थर आईच्या पोटातच धरायला लागतो, म्हणून त्यावरून तेव्हा आई कुठलं पाणी पीत होती ते कळतं. आई सातव्या महिन्यापर्यंत सिंगापुरात आणि मग पुण्याला आजीकडे, असंच तुम्ही सांगता ना? महिनाअखेर मिळाला तर बरं. कॅन ऑर नॉट?

नॉट, असं लिहायला बोट उचललं आणि 'बघतो' असं लिहिलं.

५ मार्च

ऋता आमच्या पोटची नाही.

हे वाक्य मी आजवर कुठल्याच भाषेत लिहिलं नव्हतं. लिहून पाहिलं, तर अक्षर माझं वाटत नाही.

चौऱ्याऐंशी साली उल्का इथे गरोदर होती, हे खरं. तिला डुरियनचे डोहाळे लागले होते, हेही खरं. सेरंगून रोडवरच्या तिच्या मैत्रिणी त्या फळाच्या वासाने नाकाला पदर लावायच्या आणि ही बोटं चाटायची. सहाव्या महिन्यात सगळं संपलं. इस्पितळातून सुटल्यावर मी तिला विमानाने तडक माहेरी पोचवली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळे इथे कुणी काही विचारलं नाही. सासूबाईंच्या ओळखीने पुण्यातल्या एका संस्थेतून, कायद्याची सगळी रीत पाळून, ऋता आली. उल्का तिला घेऊन इथे उतरली तेव्हा लोक पेढ्यांची वाट बघत होते. आम्ही पेढे वाटले. लोकांचा जो समज झाला होता, तो फक्त दुरुस्त केला नाही.

पुढे ऋता ऐकू-समजू लागल्यावर 'तुझ्या वेळी आईला डुरियन लागायचं' ही गोष्ट मात्र मीच सुरू केली. गोष्ट चांगली होती.

जिच्या पोटी ती जन्मली त्या बाईबद्दल आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की ती नीरेकाठची. नाव नाही, गाव नाही. दत्तकहोम मी स्वतः सांगितला. होम झाला की मूल नव्या गोत्राचं होतं, जुन्याशी नातं सुटतं. शास्त्र तेवढं उदार आहे. दातातलं पाणी बदलायचा मंत्र मात्र शास्त्रकारांना सुचला नाही. त्या बाईने प्यायलेली नीरा आमच्या देवघरात, करंड्यात, इतकी वर्षं बसून आहे आणि मी रोज तिच्यासमोर संध्या करतो.

दात ठेवलेच का? पडलेला दात कौलांवर फेकायचा, उंदराने नेला की नवा त्याच्यासारखा बळकट येतो, ही आमच्याकडची रीत. सातव्या मजल्यावर कौलं कुठून आणायची? आणि इथे खिडकीतून काही फेकलं तर सरकार फ्लॅटच काढून घेतं. तेव्हा उल्का म्हणाली, भारतात गेलो की फेकू. भारतात अनेकदा गेलो. दात करंड्यातच राहिले.

८ मार्च

उल्काला सांगितलं. ती मटार सोलत होती. थांबली नाही. म्हणाली, मागतेय तर पाठवा.

मी तिला दाताचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कधीच सांगून टाकायचं होतं, तुम्हीच दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकलंत. खोटं नाही. आधी ऋता लहान होती, मग शाळेच्या परीक्षा आल्या, मग सासूबाईंचं आजारपण, मग ज्युनियर कॉलेज. भिणाऱ्याला मुहूर्ताची कमतरता नसते.

संध्याकाळच्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. आम्ही दोघांनीही ती गुपचूप खाल्ली.

आजवर ऋताला शंका आलेली नाही, एवढा एकच आधार आहे. तसा एकदा बाका प्रसंग आला होता. सोळा वर्षांची असताना शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने घरातल्यांचे रक्तगट विचारले. मी ओ, उल्का ओ, ती बी. माझं धाबं दणाणलं. पण ओ हा सगळ्यांना चालणारा गट, असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून निर्धास्त झालो. प्रकल्पाचा ताण मात्र पोरीला फार आला असावा. कित्येक दिवस ताटावर बसायची आणि उल्काकडे बघत राहायची. मग एका रविवारी आपण होऊन तिच्यापुढे जमिनीवर येऊन बसली. म्हणाली, आई, डोक्याला तेल लाव. एरवी तेलाच्या नावाने पळणारी पोर. त्यानंतर सगळं पूर्ववत झालं. जीवशास्त्रात चांगले गुणही पडले.

११ मार्च

रविवार, ऋताचा फोन. लेकीच्या फोनला भिण्याची वेळ येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दाताबद्दल तिने विचारण्याआधीच मी पोस्टाच्या नियमांबद्दल बोलू लागलो. तिने ते शांतपणे ऐकलं आणि नॉरफोकचं सांगायला लागली. तिथे एक पाच-सहा वर्षांची मुलगी सापडली आहे. दातावरून ती लांबची, समुद्रापलीकडची. शेजारी एक बाई पुरलेली, ती मात्र जन्मापासून तिथलीच. दोघींच्या गळ्यात एकाच जातीचे मणी, आणि बाईचा हात मुलीच्या मानेखाली.

"सरांनी नोंद केली, परकी मुलगी," ऋता म्हणाली. "मी म्हटलं, सर, परकी कुणी ठरवली? तिच्या आईने तर नाही ठरवलेली."

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला लावला.

"बाबा, ऐकताय ना?"

मी म्हटलं, लाइन खराब आहे.

इंग्लंडात एवढी मढी पडली असताना या पोरीला नेमकी हीच का सापडावी? उल्काने विचारलं, काय म्हणत होती? मी सांगितलं, मण्यांबद्दल काहीतरी.

१७ मार्च

उपाय सापडला आहे. तो फारसा शोभणारा नाही.

अभय चोआ चू कांगला राहतो. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, माझा जुना मित्र. त्याचा मुलगा सारंग इथलाच: बायकोचं, मीनलचं, बाळंतपण इथे झालं, कारण तिची आईच इकडे आली होती. नऊ महिने सिंगापूरचं पाणी. असा दात ऋताच्या नावाने गेला तर बाकीचं जग आहे तसं राहील.

गाडीत मनातल्या मनात बोलणं जुळवत बसलो आणि स्टेशन चुकलो. पुढच्या स्टेशनला, यू टीला, उतरून परत फिरलो.

मी अभयला सांगितलं की मासिकासाठी दुधाच्या दातांच्या रिवाजावर लेख लिहितोय, नमुना हवा. हे कारण जेवढं पोकळ तेवढंच त्याला पटलं. मीनलने कपाटातून फोटोच्या रोलची जुनी डबी काढून दिली. तिच्या घरीही कौलं नाहीत, म्हणजे सिंगापुरातल्या किती मराठी कपाटांत दात असतील कोण जाणे. अभय म्हणाला, "पद्माकरराव, दात कशाला, अख्खा पोरगाच न्या. खायला भारी लागतं." मी हसलो. हसताना खिशातली डबी धरून ठेवली होती, जणू कुणी ती ओरबाडून घेणार होतं.

मित्राच्या घरून त्याच्या मुलाचा दात खोटं बोलून आणला. शास्त्रीबुवांनी याला कुठलं प्रायश्चित्त सांगितलं असतं, ते शोधायचं धैर्य नाही.

१८ मार्च

उल्काने शर्ट धुवायला घेतला, खिशात डबी. विचारलं, हा कुणाचा? मला खोटं सुचायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक आहे. सारंगचा, म्हटलं. ती स्टुलावर बसली.

मी सगळं पटवून देऊ लागलो. पोर दूर आहे, एकटी आहे, परीक्षानळीतून असलं काही कळावं हे बरं नव्हे, पुढे सुट्टीत आली की शांतपणे सांगू. ती मला मध्येच तोडत नाही कधी. आज तोडलं.

"अहो, दुसरीच्या पोटची मुलगी मी माझी म्हणून आणली, ते खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाचा दात तुम्ही तिचा म्हणून पाठवाल, ते खोटं आहे."

"तिला कळेल, उल्का."

"कळू दे."

"आणि मग?"

ती उठली. देवघराकडे गेली, करंडा काढला, दात तळहातावर ओतले. कुठला कधी पडला ते तिला सगळं पाठ आहे. हा आइस्क्रीमच्या काडीने, हा झोपेत, हा शाळेच्या बसमध्ये. पुढचा एक वेगळा काढून कापसात गुंडाळला. मग म्हणाली, बघा, हात कसा कापतोय माझा, आणि हात पुढे करून दाखवला. मला वाटत होतं भितोय तो मी एकटाच.

सारंगचा दात मीनलला परत पोचवायचा आहे. लेख रद्द झाला, म्हणून सांगेन.

२० मार्च

पोस्टात गेलो. खिडकीवरच्या चिनी बाईने विचारलं, आत काय? मी 'नमुना' म्हणणार होतो. उल्का म्हणाली, "माय डॉटर्स टूथ." ती बाई हसून म्हणाली, "सो स्वीट, लाह," आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर उल्का म्हणाली, कॉफी घेऊ. हॉकर सेंटरमध्ये बसलो. दोघांच्याही कॉफ्या निवून गेल्या.

१५ एप्रिल

पाकीट पोचलं, असं ऋताने कळवलं होतं. पुढे काही नाही. प्रयोगशाळेत रांग आहे म्हणे.

हे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. ऑफिसात टेबलावरचा फोन वाजला की मी आधी घसा साफ करतो, तरी आवाज येत नाही. एका ग्राहकाने विचारलं, यू ओके, अंकल? उल्काने ऋताची खोली झाडली, चादरी बदलल्या. कोणी येणार नसताना.

तिला आपणच आधी सांगावं म्हणून मजकूर लिहायला बसलो. मराठीत 'प्रिय ऋता' याच्यापुढे जाईना. इंग्रजीत विमा कंपनीचं पत्र वाटायला लागलं. शेवटी संस्कृतात लिहिलं, तेव्हा भराभर उतरलं. वाचून पाहिलं. कुणा राजाला रानात पाळण्यात मूल सापडलं, अशी छान कथा झाली होती. फाडून टाकलं.

मासिकाच्या संपादकांनी कळवलं आहे की खबर आली नाही. त्यांना लिफ्टचा अनुष्टुभ पाठवून दिला.

२९ एप्रिल

ऋताने रविवारच्या फोनवर उगाचच विचारलं, बाबा, तब्येत बरी आहे ना, आवाज खाली गेलाय. मी म्हटलं, हवा. सिंगापूरची हवा बारा महिने एकच असते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग तिने फोन उल्काला द्यायला सांगितला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या. मी दाराशी उभा राहून ऐकलं: भोपळ्याचे घारगे कसे करायचे, गूळ कधी घालायचा. एवढंच. तिला तिथे भोपळा मिळाला आहे.

ती मण्यांवाली मुलगी आता अहवालात 'परकी' राहिलेली नाही, असंही तिने सांगितलं. सरांशी भांडून शब्द काढायला लावला. मी शाबासकी दिली.

१३ मे

निकाल आला.

ऋता आज कॅमेऱ्यावर आली. संगणकाच्या पडद्यावर तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी हलत होता. उल्का माझ्या शेजारी पदर मुठीत धरून बसलेली. ऋता म्हणाली, दात तपासून झाला. मी आवाज वाढवायचं बटण शोधायला लागलो आणि पुढची दोन वाक्यं मी ऐकलीच नाहीत.

मग ऐकू आलं ते असं. दात अगदी स्वच्छ बोलला. पहिल्या थरापासून दख्खनचा काळा खडक. सिंगापूरचं नाव नाही.

मी खुर्चीचा हात धरला.

"म्हणजे माझंच चुकलं," ऋता म्हणाली. "आई पहिल्यापासून पुण्यातच असणार. मी लहानपणी काहीतरी उलटसुलट ऐकलं असेल. तक्त्यात मी तसंच लिहिलंय: आई, पुणे. चालेल ना, आई?"

उल्का म्हणाली, "चालेल, बाळा."

"बाबा?"

मी म्हटलं, "चालेल, चालेल. चुका होतात." माझा आवाज चक्क ठणठणीत निघाला.

ती पडद्याजवळ आली. इतकी जवळ की नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. म्हणाली, ऑगस्टमध्ये येतेय, आई, तेल लावून देशील का, इथल्या पाण्याने केस पार गेलेत. मग पडदा बंद झाला.

वाचलो. एवढी हुशार पोर, एवढं मोठं विद्यापीठ, आणि डुरियनची गोष्ट साफ विसरली. तीच गोष्ट, जी मी तिला दर वाढदिवसाला सांगत आलो. तिच्या विसराळूपणाने आज आम्हाला तारलं. मी हे उल्काला म्हणालो. ती डोळे पुसत होती. म्हणाली, "पोरगी फार शहाणी आहे हो आपली." मी म्हटलं, कसली शहाणी, शास्त्रज्ञ असून असला ढोबळ घोळ. ती उठून आत गेली. बायकांना सुटकेच्या वेळी रडू येतं.

१४ मे

सुटलो म्हणावं, तर आज ऑफिसात फोन वाजला आणि मी पुन्हा आधी घसा साफ केला. दात तपासून झाला, तक्ता लिहून झाला, आता कुठलाच धोका उरलेला नाही. तरी भीती आहे तिथेच आहे. म्हणजे ती दाताची नव्हती.

इथे दुसरं कुणी वाचत नाही, तेव्हा सरळ लिहितो. ऋताला कळलं तर ती आम्हाला सोडून जाईल, असं मला कधीच वाटलेलं नाही. ती तशी नाही. ती दर रविवारी फोन करील, माझ्या खोकल्याची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करील, आम्ही थकलो की आमचं सगळं करील. मला भीती वाटते ती ही, की हे सगळं ती मनाने चांगली म्हणून करील, आमची म्हणून नव्हे. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसेल, आणि मला ते कधीच ओळखता येणार नाही.